घरातील जुनी विजेची उपकरणे : ठेवावी कोणती, परत द्यावी कोणाला



पेसाहच्या आधी घराची झाडलोट निघाली, की हमेत्झ शोधता शोधता आणखी बरेच काही सापडते. कपाटाच्या तळाशी बंद पडलेला मिक्सर, पलंगाखाली जुना व्ही.सी.आर., तळघरात जाड काचेचा टी.व्ही., खिडकीतून काढून ठेवलेला एअर कंडिशनर, आणि एका खोक्यात वायरी, चार्जर व तीन-चार जुने फोन. "राहू दे, पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून आपण कपाट पुन्हा लावून टाकतो. अशी वर्षे जातात. शेवटी घर आवरण्याचे काम चार दिवसांची रजा काढून दूरगावाहून आलेल्या मुलांवर पडते. त्यांना यातले काय मोलाचे, काय धोक्याचे, काय कंपनीच्या मालकीचे, हे ठाऊक नसते. ती बिचारी सारे काळ्या पिशव्यांत भरतात. म्हणून हे काम आपण हिंडते-फिरते असतानाच, आपल्या नजरेखाली करावे, आणि ते कसे करावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपण लहान असताना हा प्रश्नच नव्हता. भायखळा, माझगाव, डोंगरी असो की अलिबाग, पेण, पनवेल असो, घरात विजेच्या वस्तू दोन किंवा तीन : पंखा, इस्त्री, आणि ज्यांना परवडे त्यांच्याकडे रेडिओ. रेडिओसाठी दरवर्षी पोस्टातून परवानासुद्धा घ्यावा लागे. पंखा जळाला तर मोटरचे वाइंडिंग पुन्हा करून घेत, आणि अगदीच निकामी झालेली वस्तू भंगारवाला दारात येऊन तराजूवर तोलून, वर चार पैसे देऊन घेऊन जाई.

अमेरिकेत दारावर असे कोणी येत नाही. पण येथे वेगळी सोय आहे, आणि ती आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नाही. ज्या कंपनीने वस्तू बनवली तिनेच ती जुनी झाल्यावर विनामूल्य परत घ्यावी, असा कायदा येथील अनेक राज्यांत आहे. हा आपला हक्क आहे, मात्र विचारल्याशिवाय तो पदरात पडत नाही.

कचऱ्यात का टाकू नये

जाड काचेच्या जुन्या टी.व्ही.च्या नळीत काही पौंड शिसे असते. ते काचेतच मिसळलेले असते, त्यामुळे टी.व्ही. घरात असेपर्यंत त्रास नाही. पण नळी फुटून कचऱ्याच्या डेपोत वर्षानुवर्षे पडली, की ते हळूहळू माती-पाण्यात उतरू शकते. वळणावळणाच्या दिव्यांत, म्हणजे सी.एफ.एल.मध्ये, सुमारे ४ मिलिग्रॅम पारा असतो. भिंतीवरच्या जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये पाऱ्याची काचेची कुपी असते, आणि तिच्यात त्या दिव्याच्या शेकडो पट पारा असतो.

फ्रिज आणि एअर कंडिशनर यांच्या नळ्यांत थंडावा देणारा गॅस असतो. जुन्या फ्रिजमधील फ्रिऑन हा वातावरणातील ओझोनचा थर खातो, हे कळल्यावर १९८७ साली मॉन्ट्रियल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून असा गॅस जाणूनबुजून हवेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या जुन्या फ्रिऑनचे उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबले. त्यानंतर आलेले काही गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवेची उष्णता वाढवतात. म्हणून फ्रिज कोणत्याही सालातला असो, त्याची नळी कापू नये आणि कोणाला कापू देऊ नये.

नवा धोका आहे तो लिथियम बॅटरीचा. फोन, लॅपटॉप, वायर नसलेला व्हॅक्युम, विजेचा टूथब्रश, या सर्वांत ती असते. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेते, आणि गाडीवरच्या माणसांच्या जिवावर बेतते.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. तालमुदातील बावा कामा या ग्रंथात, ३० व्या पानावर, पूर्वीच्या धर्मशील लोकांविषयी सांगितले आहे. काटे आणि फुटकी काच ते वाटेवर फेकत नसत, तर आपल्याच शेतात तीन मुठी खोल पुरत, म्हणजे कोणाचा नांगर त्यात अडकू नये. त्याच ग्रंथात ५० व्या पानावर एका माणसाची गोष्ट आहे. तो आपल्या शेतातले दगड उचलून सार्वजनिक रस्त्यावर टाकत होता. एका सत्पुरुषाने त्याला विचारले, की जी जागा तुझी नाही तिच्यातले दगड तू तुझ्या जागेत का टाकतोस? तो हसला. पुढे त्याला शेत विकावे लागले, आणि त्याच रस्त्याने जाताना आपणच टाकलेल्या दगडांना तो ठेचकाळला. तेव्हा त्याला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. आणि अनुवाद, म्हणजे देवारीम, या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात वेढ्याच्या वेळीही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. तिच्यावरूनच आपल्या शास्त्रकारांनी "बाल ताश्हित" हा नियम काढला. रांबाम यांनी त्यात भांडी फोडणे आणि कपडे फाडणे हेही धरले आहे. चालती वस्तू उगाच टाकून देणेही त्यात येते, हे लक्षात ठेवावे.

कायदा काय म्हणतो

न्यूयॉर्क राज्याने २०१० साली कायदा केला. १ एप्रिल २०११ पासून उत्पादकांनी आपल्या वस्तू ग्राहकांकडून विनामूल्य परत घेण्यास सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०१५ पासून घरगुती ग्राहकाने त्या कचऱ्यात टाकणे बंद झाले. न्यूयॉर्क शहरात असे केल्यास १०० डॉलर दंड होऊ शकतो. या कायद्यात टी.व्ही., संगणक, मॉनिटर, की-बोर्ड, प्रिंटर, स्कॅनर, फॅक्स, व्ही.सी.आर., डी.व्ही.डी. प्लेअर, केबलचा डबा, व्हिडिओ गेमचे यंत्र अशा वस्तू येतात. फ्रिज, मायक्रोवेव्ह, इस्त्री, मिक्सर, रेडिओ या त्यात येत नाहीत. त्यांची वाट वेगळी आहे, ती पुढे सांगितली आहे.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्या. पहिली, उत्पादक स्वतःच्या नावाची वस्तू घेतोच. पण आपण त्याच्याकडून नवी वस्तू घेत असाल, तर त्याच प्रकारची एक जुनी वस्तू, ती दुसऱ्या कोणत्याही कंपनीची असली तरी, त्याने घ्यावयाची असते. दुसरी, ही सोय केवळ घरांसाठी नाही. ७५ पेक्षा कमी नोकर असलेल्या विनानफा संस्थाही तिच्यात येतात. म्हणजे आपल्या सिनेगॉगच्या कचेरीतले जुने संगणकही असेच फुकट परत देता येतात. मात्र घरी येऊन वस्तू उचलून नेण्याचे पैसे कंपनी मागू शकते. ते आधी विचारून घ्यावे.

न्यू जर्सीत टी.व्ही. आणि संगणक कचऱ्यात टाकण्यास १ जानेवारी २०११ पासून मनाई आहे. कॅलिफोर्नियात २००५ पासून नवा टी.व्ही. किंवा मॉनिटर घेतानाच बिलात त्याच्या विल्हेवाटीची फी घेतली जाते. देशातील सुमारे निम्म्या राज्यांत असे कायदे आहेत, बाकीच्यांत नाहीत. तेथे आपल्या गावच्या किंवा काउंटीच्या कचरा खात्याला फोन करावा.

कोणती वस्तू कोठे

टी.व्ही., संगणक, प्रिंटर वगैरे : वस्तूवरील कंपनीचे नाव वाचावे आणि त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला "परत घेण्याची सोय काय?" असे विचारावे. लहान वस्तूंसाठी काही कंपन्या पोस्टाने पाठवण्याचे तिकीट देतात, मोठ्यांसाठी जवळचे केंद्र सांगतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मोठी दुकानेही अशा वस्तू घेतात, पण टी.व्ही.साठी काही ठिकाणी पैसे पडतात. न्यूयॉर्क शहरात ३११ या क्रमांकावर विचारावे. प्रत्येक बरोमध्ये सॅनिटेशन खात्याचे केंद्र आहे, आणि खाते वर्षातून काही वेळा घातक वस्तू जमा करण्याचे दिवसही ठेवते. इंग्रजी बोलणे जड जात असेल तर दुभाष्या मागावा, त्याचे पैसे पडत नाहीत.

केबलचा डबा, इंटरनेटचा मोडेम : हे बहुधा आपले नसतातच, कंपनीने भाड्याने दिलेले असतात. सेवा बंद केली तरी डबा परत जाईपर्यंत बिल येत राहू शकते. तो कंपनीच्या दुकानात द्यावा आणि पावती जपून ठेवावी.

ऑक्सिजनचे यंत्र : मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे हे भाड्याचेच असते. रुग्णशय्या आणि चाकांची खुर्चीही पुष्कळदा तशीच असते. घरातील माणूस गेल्यावर या वस्तू कोणाला देऊन टाकू नयेत. यंत्रावर पुरवठादाराचा फोन चिकटवलेला असतो, त्यांना कळवावे म्हणजे ते घेऊन जातात.

फ्रिज, एअर कंडिशनर, डीह्युमिडिफायर : नवा घेत असाल तर ऑर्डर देतानाच जुना नेणार का, आणि त्याचे किती घेणार, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. माल दारात आल्यावर मग विचारू नये. नवा घेत नसाल तर न्यूयॉर्क शहरात सॅनिटेशन खात्याकडून वेळ ठरवून घ्यावी लागते. खात्याचा माणूस गॅस काढून घेतो, वस्तूवर खूण लावतो, आणि मग ती धातूच्या रिसायकलिंगमध्ये जाते. याचे पैसे नाहीत. बाहेर ठेवण्याआधी फ्रिजचे दार काढून ठेवणे बंधनकारक आहे. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून खिटी असे. खेळता खेळता आत शिरलेली मुले गुदमरून मरत. म्हणून १९५६ साली केंद्र सरकारने कायदा केला, आणि ३० ऑक्टोबर १९५८ नंतर बनलेला प्रत्येक घरगुती फ्रिज आतून उघडता आला पाहिजे असे ठरले. तरीही दार काढण्याचा नियम ठेवला आहे, तो योग्यच आहे. काही वीज कंपन्या चालू स्थितीतला जुना फ्रिज घरून नेतात आणि वर थोडे पैसेही देतात. आपल्या कंपनीला विचारून पाहावे. जुना फ्रिज तळघरात "दुसरा फ्रिज" म्हणून चालू ठेवला तर तो विजेच्या बिलात दर महिन्याला आपला हिस्सा मागत राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

धुण्याचे यंत्र, चूल, मायक्रोवेव्ह, इस्त्री, टोस्टर, शब्बाथचा प्लाटा आणि पाण्याचा उर्न : या वस्तू बहुतांशी धातूच्या असतात. न्यूयॉर्क शहरात त्या धातूच्या रिसायकलिंगबरोबर ठेवता येतात. गॅसची चूल परवानाधारक प्लंबरकडूनच सोडवावी. मायक्रोवेव्ह आणि जुना टी.व्ही. कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील भागात विजेचा भार शिल्लक राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

भारतातून आणलेला मिक्सर आणि ट्रान्सफॉर्मर : आपल्या किती घरांत हा जोडा आहे! मिक्सर २३० व्होल्टचा, येथील वीज १२० व्होल्टची, म्हणून मध्ये तो जड ट्रान्सफॉर्मर. असा मिक्सर चालू असला तरी अमेरिकन धर्मादाय दुकानात देऊ नये. घेणाऱ्याला तो येथे नीट चालवता येत नाही आणि शेवटी तो कचऱ्यातच जातो. आपल्याच मंडळींत ट्रान्सफॉर्मर असलेल्या कोणाला तरी द्यावा. इस्राएलमध्येही भारताप्रमाणेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज आहे, फक्त प्लगचा आकार निराळा. तेव्हा तेथे जाणाऱ्या कोणाला चटणी-वाटणासाठी तो हवा असला तर प्रश्नच मिटला. ट्रान्सफॉर्मर मात्र येथेच राहू द्यावा. त्यात तांबे आणि लोखंड असते, भंगाराच्या दुकानात तो आनंदाने घेतात.

जुने फोन : न्यूयॉर्क राज्यात २००७ पासून मोबाइल सेवा विकणाऱ्या दुकानांनी जुने फोन विनामूल्य घेतले पाहिजेत, एका व्यक्तीकडून दहापर्यंत. फोन त्यांच्याकडूनच घेतलेला असावा असे नाही.

बॅटऱ्या : पुन्हा भरता येणारी बॅटरी न्यूयॉर्क राज्यात कचऱ्यात टाकण्यास डिसेंबर २०११ पासून मनाई आहे. ती विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी ती परत घ्यावी, असा नियम आहे. देण्यापूर्वी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. साध्या बॅटऱ्या न्यूयॉर्कमध्ये कचऱ्यात चालतात, कॅलिफोर्नियात त्याही चालत नाहीत. कानाच्या यंत्राच्या बटणासारख्या बॅटऱ्या बदलताच चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवाव्या. नातवंडाने ती गिळली तर वाट पाहू नये, त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

दिवे : सी.एफ.एल. दिवे घरदुरुस्तीच्या सामानाची मोठी दुकाने परत घेतात. दिवा फुटला तर व्हॅक्युम फिरवू नये. खिडकी उघडावी, सर्वांनी पाच-दहा मिनिटे खोलीबाहेर जावे, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बारीक कण चिकटपट्टीने टिपावे आणि सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे.

देण्यापूर्वी काय जपावे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र परत देता येते, त्याच्यातले गेले की येत नाही.

पुष्कळ घरांत व्हिडिओ कॅसेटी आहेत : मेंदीचा कार्यक्रम, लग्न, मलिदा, इस्राएलला जाण्यापूर्वी मुंबईत जमलेले सारे नातेवाईक. ऑडिओ कॅसेटींवर आजीच्या आवाजातली गाणी किंवा एखादे कीर्तन असते. व्ही.सी.आर. बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आज आपल्या पलंगाखाली असलेला यंत्र-डबा चालू असेल तर तो दुर्मिळ आहे. आधी कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्या, त्यांच्या प्रती मुलांना आणि एखाद्या भाच्या-पुतण्याला पाठवाव्या, आणि मगच यंत्र द्यावे. कॅसेटीही फार वर्षे थांबत नाहीत, फीत खराब होत जाते. चित्रातील माणसे कोण, हे सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. म्हणून उतरवताना शेजारी बसून नावे, गाव आणि साल वहीत लिहून ठेवावे. हे काम दुकानदार करू शकत नाही, ते आपणच करू शकतो.

संगणक आणि फोन यांची गोष्ट उलटीही आहे. त्यांतील फोटो आणि वंशावळीचे कागद काढून घ्यावे, आणि त्यानंतर उरलेले पुसून टाकावे. बँक, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर यांचे आकडे जुन्या यंत्रात तसेच पडलेले असतात, आणि ते पुसण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे. नुसते कचरापेटीच्या चित्रात टाकून ते पुसले जात नाही. हे नातवंडाकडून करून घ्यावे. यंत्र सुरूच होत नसेल तर त्यातील हार्ड डिस्क काढून वेगळी ठेवावी.

आणखी चार सूचना

खिडकीतला एअर कंडिशनर आणि जुना टी.व्ही. स्वतः उचलू नये. या वयात मोडलेले कंबरेचे हाड टी.व्ही.पेक्षा फार महाग पडते. इमारतीत राहत असाल तर आधी सुपरला विचारावे, पुष्कळ इमारतींत त्याची व्यवस्था असते.

"फुकट घेऊन जातो" म्हणून दारात आलेल्या अनोळखी माणसाला आत घेऊ नये. कंपनी किंवा शहराचा माणूस वेळ ठरवून येतो आणि ओळखपत्र दाखवतो.

चालू वस्तू असेल तरच दान म्हणून द्यावी. बंद पडलेली वस्तू दानात देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणे, बावा कामातील त्या दगडांसारखेच.

मुंबई-ठाण्यात किंवा इस्राएलमध्ये घर असणाऱ्यांनी तेथील नियमही पाहावे. भारतात ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू आहेत, आणि त्यांतही उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. इस्राएलमध्ये २०१२ च्या कायद्याप्रमाणे नवी वस्तू घेताना तशाच प्रकारची जुनी वस्तू विक्रेत्याने विनामूल्य नेली पाहिजे. लोद, अश्दोद, दिमोना येथील आपल्या भावंडांनाही हे सांगावे.

शेवटी आपल्या मंडळांना एक विनंती. पेसाहपूर्वीचा एक रविवार यासाठी ठेवावा. ज्यांच्याकडे गाडी आहे अशा तरुणांनी दोन-दोनच्या जोडीने एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे जावे, वस्तूंची यादी करावी, कॅसेटी वेगळ्या काढाव्या, संगणक पुसून द्यावा आणि बाकीचे केंद्रावर पोहोचवावे. आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना चहा द्यावा, आणि त्या कॅसेटींतली माणसे कोण कोण, ते बसून सांगावे. तोपर्यंत ज्याने त्याने या आठवड्यात आपल्या घरातली एकच वस्तू निवडावी, तिच्यावरचे कंपनीचे नाव कागदावर उतरवावे आणि एक फोन करावा.

सर्वांना हाग समेआह.